नायट्रेट ४५ की १०?

'अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात नायट्रेट १० पर्यंतच चालतं, आपल्याकडे ४५. साडेचारपट विष पाजतात!' इथे अमेरिकेत बसून गावाकडून हे ऐकलं की डोकं फिरतं. अहो, इथले लिटरमागे १० मिलिग्रॅम म्हणजे नायट्रेटमधला नुसता नायट्रोजन. आपल्या आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकातले ४५ म्हणजे अख्खं नायट्रेट. दहाला ४.४३ ने गुणा, ४४.३ येतात. मर्यादा एकच, मोजायची रीत वेगळी. आणि तुलनाच करायची तर फ्लोराइडची का करत नाही? आपल्याकडे दुसरा स्रोत नसला तरी १.५ मिलिग्रॅमच्या वर नको म्हणतात. इथली सक्तीची मर्यादा ४ आहे!

खरा फरक आकडा कोणाच्या हातात पडतो, यात आहे. १५ नळजोडण्या किंवा वर्षभर राहणारी २५ माणसं असली की इथे ती 'कम्युनिटी वॉटर सिस्टिम', म्हणजे सार्वजनिक पाणी योजना झाली, मग ती ट्रेलर पार्कची (चाकांवरच्या घरांच्या वस्तीची) एकुलती बोअर का असेना. तिने दरवर्षी १ जुलैपर्यंत मागच्या वर्षाचा अहवाल द्यायचा: काय सापडलं, किती, मर्यादा किती, कुठून आलं असावं. ई. कोलाय (विष्ठेतले जंतू) किंवा नायट्रेटची मर्यादा मोडली तर मात्र जुलैची वाट नाही, २४ तासांत लोकांना कळवायचं.

आता तो अहवाल वाचताही यायला हवा. शिशाचंच घ्या. शंभरेक वस्तीच्या योजनेत पाच घरांचे नमुने घेतात. नळ किमान सहा तास बंद, मग थंड पाण्याचा पहिला लिटर. समजा आकडे आले १, २, २, ४ आणि २२ पीपीबी (अब्ज भागांत इतके भाग). अहवालात छापतात तो नव्वदावा शतमक, म्हणजे नव्वद टक्के नमुने ज्याच्या आत बसतात तो आकडा. पाच नमुन्यांत तो वरच्या दोघांची सरासरी, म्हणजे १३. कारवाईची पातळी १५ धरली तर सगळं आलबेल, आणि एका घरातलं पोर २२ चं पाणी पितंय. पातळी ओलांडलेल्या नमुन्यांची संख्या वेगळी दिलेली असते, तिथे '१' दिसतो. बघतं कोण? शिवाय ५०० च्या आतल्या योजनेला राज्याची सूट असेल तर 'मागा, देऊ' एवढ्या नोटिशीवर भागतं. गावाशी वाद घालताना हे सोयीस्करपणे गाळलं जातं, हेही कबूल.

गावाचा सगळा भरवसा ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या हिरव्या कार्डावर, म्हणजे 'पाण्याचा स्रोत सुरक्षित' या शेऱ्यावर. ते मिळतं स्रोताच्या सर्वेक्षणावर: गळती, आजूबाजूची घाण, टीसीएलचा (ब्लीचिंग पावडरचा) साठा. शेतातून विहिरीत झिरपलेला नायट्रेट त्यात दिसणार कसा? ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीनची रंगाची चाचणी, टाकीजवळच्या नळाला केली की छान पिवळा रंग येतो; शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलाय का, प्रश्न तो असतो. अणुजैविक नमुन्याच्या बाटलीत क्लोरीन निकामी करणारं सोडियम थायोसल्फेट नसेल तर क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतो, आणि प्रयोगशाळेत पाणी नळापेक्षा चांगलं ठरतं. टीसीएलची पिशवी उघडी राहिली तर ३३ टक्के क्लोरीनची पावडर दमट हवेत उतरत जाते, आणि जलसुरक्षक (पाण्यात पावडर टाकणारा गावातला माणूस) माप मात्र जुनंच टाकतो.

यावर माझी मागणी साधी आहे: ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तारीख, नमुना कुठल्या नळाचा, आकडा आणि एकक लिहा. त्यावर दोन उत्तरं ठरलेली. एक, 'लोक घाबरतील'. दुसरं, 'तुम्हाला काय, तुम्ही थोडेच पिता हे पाणी?'

पहिल्याला उत्तर आहे. लोक जुलाबाला घाबरतात, आकड्याला नाही. दुसऱ्याला नाही. इथे पाण्याचं बिल भरलं की अहवालावरच्या नंबरला फोन करून खडसावता येतं. तिथे नळपट्टी भरत नाही, ग्रामसभेत हात वर होत नाही, मग कुठल्या नात्याने बोलायचं? तरी फळा रंगवाल तेव्हा नायट्रेटपुढे 'नायट्रेट म्हणून' की 'नायट्रोजन म्हणून', एवढं कंसात लिहा.