‘प्रो घेतला की पुढची पिढी नको’ हे गणित कुठे चुकतं

सोनीच्या प्लेस्टेशन ५ (पीएस-५) या गेमिंग कन्सोलची जास्त ताकदवान आवृत्ती, म्हणजे प्लेस्टेशन ५ प्रो, आल्यापासून एक सल्ला सगळीकडे फिरतोय : ‘प्रो म्हणजे अर्धी पुढची पिढीच. ताकद दुप्पट, पुढचे मोठे गेम त्यावरच नीट चालणार, आणि नवा कन्सोल आला तरी सुरुवातीला त्याचे स्वतःचे गेम नसतातच. मग पीएस-६ची वाट कशाला बघायची?’ हे वाचून लोक उत्तम चालणारा पीएस-५ विकायला काढतायत. थोडं थांबा.

आधी ताकद. सोनीचा स्वतःचा दावाही दुपटीचा नाही. साध्या पीएस-५पेक्षा ४५ टक्क्यांपर्यंत वेगवान रेंडरिंग (पडद्यावरचं चित्र तयार करणं), एवढाच आहे. जीपीयूचे, म्हणजे ग्राफिक्सच्या चिपचे, कॉम्प्युट युनिट (काम करणारे गट) ३६चे ६० झाले, पण सीपीयू, म्हणजे मुख्य प्रोसेसर, तोच झेन २ जातीचा राहिला. फार तर त्याचा वेग १० टक्के वाढवता येतो. पीएस-४ प्रोच्या वेळी हेच झालं होतं. जीपीयू १.८४ टेराफ्लॉप्सवरून (हे गणनेच्या ताकदीचं माप) ४.२वर गेला, सीपीयू मात्र तोच जॅग्वार जातीचा, १.६ऐवजी २.१ गिगाहर्ट्झवर. जीपीयू चित्र रंगवतो. रस्त्यावरची गर्दी कुठे वळते, शत्रू काय ठरवतो, कोसळलेली भिंत कुठे पडते, हा बराचसा हिशेब सीपीयूकडे असतो. त्यात भर सोनीच्या नियमाची : पीएस-४ प्रोसाठीचा प्रत्येक गेम साध्या पीएस-४वरही चाललाच पाहिजे. मग गेम बनवणारा प्रोच्या भरवशावर वेगळा गेम रचणार कसा? त्याला चित्र तेवढं सुधारता येतं.

पिढी बदलते तेव्हा काय होतं, ते प्लेस्टेशनचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी २०१९मध्ये दाखवलं होतं. ‘स्पायडर-मॅन’मध्ये शहराच्या एका टोकाहून दुसरीकडे पोचायला पीएस-४ प्रोला १५ सेकंद लागले, येऊ घातलेल्या कन्सोलला, म्हणजे पीएस-५ला, ०.८. आणि तुलना प्रोशीच होती, साध्या पीएस-४शी नाही!

‘पुढचे गेम त्यावरच नीट चालणार’ यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करतो. ‘सायबरपंक २०७७’ जून २०२१मध्ये सोनीच्या स्टोअरवर परतला तेव्हा पीएस-४ प्रो किंवा पीएस-५वर खेळा, अशी सूचना सोबत होती. पण त्याच गेमचं ‘फँटम लिबर्टी’ हे विस्तारित प्रकरण २०२३मध्ये आलं ते पीएस-४साठी नव्हतंच, आणि पीएस-४ प्रोवाल्यांनाही मिळालं नाही. पिढी संपली की प्रोसुद्धा तिच्याबरोबरच संपतो.

सुरुवातीला नव्या कन्सोलचे स्वतःचे गेम थोडे असतात, हे अगदी खरं. ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’, ‘ग्रॅन टुरिस्मो ७’, ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’ हे तिन्ही २०२२चे, आणि तिन्ही पीएस-४वरही आले. पण यातून प्रो घ्यायचं कारण कसं निघतं? हे गेम २०१३च्या साध्या पीएस-४वरही चालले. जुना कन्सोल न बदलणाऱ्याचा यातला एकही गेम हुकला नाही, उलट पीएस-४ प्रोचे ३९९ डॉलर त्याच्या खिशात राहिले. मायक्रोसॉफ्टच्या तशाच ताकदवान आवृत्तीचं, एक्सबॉक्स वन एक्सचं, आयुष्यही बघा : नोव्हेंबर २०१७मध्ये ४९९ डॉलरला आला, आणि जुलै २०२०मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचं उत्पादन थांबवल्याचं सांगितलं. तीन वर्षंही झाली नव्हती.

प्रो कुणी घ्यावा? घरात मोठा ४के टीव्ही आहे, कन्सोल अजून एकही नाही आणि सेकंदाला ६० फ्रेम्सवर खेळताना चित्र धूसर झालेलं खपत नाही, त्याने खुशाल घ्यावा. सर्नी यांच्याच सांगण्यानुसार साधारण तीन चतुर्थांश लोक परफॉर्मन्स मोड (चित्राच्या तपशिलापेक्षा वेगाला प्राधान्य देणारा पर्याय) निवडतात, आणि तिथे प्रोचा फरक डोळ्यांना दिसतो.

फक्त बिल पूर्ण मांडा. नोव्हेंबर २०२४मध्ये प्रो अमेरिकेत ७०० डॉलरला आला, तोही डिस्क ड्राइव्हशिवाय. ड्राइव्ह हवा तर आणखी ८० डॉलर. डिस्कवाला साधा पीएस-५ तेव्हा ५०० डॉलरला मिळत होता. भारतात तर त्या वेळी प्रो अधिकृतपणे आलाच नाही, कारण त्याच्या वायफाय ७ला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा इथे खुला नव्हता. दुबईहून किंवा अमेरिकेतल्या भावाकडून मागवणार असाल, तर बिघडल्यावर इथे वॉरंटी चालणार का, हे पैसे देण्याआधी लेखी विचारून घ्या.