‘मॅडम, कोर्ट म्हणजे नाट्यगृह नव्हे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक प्रॅक्टिसिंग वकील’ यांस, स. न.

वकिलांच्या आणि न्यायाधीशांच्या लिखाणातल्या शेक्सपिअरवर मी जे लिहिलं, त्याखाली आपली प्रतिक्रिया आली. इतरांसाठी थोडक्यात सांगते. आपलं म्हणणं असं: मॅडम, कोर्ट म्हणजे नाट्यगृह नव्हे. जजला कलम आणि निवाडे हवे असतात. लेखात मराठी नाटकाचा पत्ता नाही. आणि ‘ओळ इयागोच्या तोंडी असो की देवाच्या, काय फरक पडतो? ओळ खरी असली की झालं.’ (इयागो म्हणजे शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’तला खलनायक.) जाता जाता, ‘यूट्यूब बघून लेख पाडलेला दिसतो.’

टीकेचं मला वावडं नाही. पण ते ‘मॅडम’ ज्या सुरात आलंय, तो सूर मी बार रूममध्ये भरपूर ऐकलाय. तारीख मागणाऱ्या ज्युनियर मुलीला खाली बसवताना तो लागतो. स्वतःचं नाव न लिहिता दुसऱ्याची लायकी काढायची, हा कुठला युक्तिवाद? उलटतपासणीत असं विचारलं असतंत तर मी लगेच हरकत घेतली असती.

एक गोष्ट मान्य. रोजच्या बोर्डावर शंभर प्रकरणं असताना जामीन अर्जात हॅम्लेट घुसडू नये. तसं करा असं मी म्हटलंही नव्हतं, पण असो, हा मुद्दा तुमचा.

आता ते वाक्य. ‘ओळ खरी असली की झालं.’ नाही हो झालं.

2016 साली फौजदारी बदनामीची कलमं घटनाबाह्य आहेत का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे होता. सुब्रमण्यम स्वामी विरुद्ध भारत सरकार. न्यायालयाने भारतीय दंड संहितेची 499 आणि 500 ही कलमं कायम ठेवली, आणि माणसाला नाव किती मोलाचं हे सांगताना ‘ऑथेल्लो’तल्या ओळी उद्धृत केल्या: माझा बटवा चोरणारा कचरा चोरतो, पण माझं नाव लुटणारा मला खरा कंगाल करतो. त्या तिथे शेक्सपिअरचं मत म्हणून येतात. त्याआधी 1990 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांनीही मिल्कोविच या बदनामीच्या खटल्यात याच ओळी वापरल्या होत्या.

नाटकात त्या बोलतो कोण? इयागो. कधी? ऑथेल्लोच्या मनात बायकोविषयी संशय पेरताना. म्हणजे डेस्डिमोनाचं नाव मातीत घालण्याचा उद्योग चालू असतानाच हा गृहस्थ नावाची महती गातोय. आणि हाच इयागो एक अंक आधी, दारूच्या नशेतल्या मारामारीपायी हुद्दा गमावून बसलेल्या कॅशिओची समजूत घालताना काय म्हणतो? लौकिक म्हणजे फुकाचं थोतांड, लायकी नसताना मिळतं आणि दोष नसताना जातं. बदनामीच्या खटल्यात तुम्ही फिर्यादीतर्फे पहिली ओळ वाचलीत आणि आरोपीच्या वकिलाने शांतपणे दुसरी वाचली, तर काय कराल? साक्षीदार तुमचाच, जबाबही त्याचेच, आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध. यातली ‘खरी’ कुठली?

हे मी यूट्यूबवर शिकले नाही. ज्या सीनियरकडे माझी उमेदवारी झाली, त्यांच्याकडे घर खाली करून घेण्याच्या एका दाव्यात मी भाडेकरूतर्फे लेखी युक्तिवादाचा मसुदा केला होता. शेवटच्या परिच्छेदात ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधल्या पोर्शियाचं कोर्टातलं दयेवरचं भाषण, चांगल्या आठ ओळी. मसुदा परत आला तेव्हा समासात लाल शाईने लिहिलं होतं, ‘या बाईंची सनद कुठे आहे?’ मग त्यांनी समोर बसवून एकेक मुद्दा काढला. पोर्शिया पुरुषवेषात कायदेपंडित म्हणून आलेली तोतया. कर्ज काढलं ते तिच्याच नवऱ्यासाठी, म्हणजे प्रकरणात तिचे सरळ हितसंबंध. आणि दयेचं प्रवचन झाल्यावर कर्ज देणाऱ्या सावकार शायलॉकच्या वाट्याला काय? निम्मी मालमत्ता गेली आणि वर धर्म बदलायची अट. ‘घरमालकाच्या वकिलाने नाटक वाचलेलं असलं तर?’ एवढंच त्यांनी विचारलं. नीट चौकशी केल्याशिवाय नाटकातलं पात्र कागदावर आणायचं नाही, हा धडा मी तिथे घेतला. तुमच्या चेंबरमध्ये तो दिला जात नसेल, तर त्याला माझा इलाज नाही.

बोलणारा कोण हे पाहणारे न्यायाधीशही आहेत. ‘आधी सगळे वकील मारून टाकू’ ही ओळ वकिलांची टिंगल करायला जो तो वापरतो. 1985 मध्ये माजी सैनिकांनी वकिलाला 10 डॉलरहून जास्त फी देऊ नये, या जुन्या अमेरिकी कायद्याचा प्रश्न आला, तेव्हा न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी भिन्नमताच्या निकालपत्रात तळटीप घातली: हे बोलणारा बंडखोर आहे, स्वातंत्र्याचा कैवारी नव्हे. सहाव्या हेन्रीच्या नाटकातला डिक खाटीक तो, जॅक केडच्या टोळीतला. त्याच दृश्यात ही टोळी एका कारकुनाला केवळ लिहिता-वाचता येतं म्हणून फासावर पाठवते. स्टीव्हन्स यांनी ओळ पाहिली तशी ती बोलणाऱ्याची संगतही पाहिली. बरं, तेही जज होते, त्यांनाही वेळ नसेलच.

मराठी नाटकाचं म्हणाल तर ज्येष्ठ नागरिकांच्या प्रकरणांत ‘नटसम्राट’ हटकून आठवतो. पण आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाबद्दलच्या 2007 च्या कायद्याचं कलम 23 एकदा उघडून बघा. बक्षीसपत्र रद्द करायचं तर सांभाळ करण्याची अट लागते. अप्पासाहेब बेलवलकर सगळं वाटून मोकळे होतात ते भावनेच्या भरात, कुठलीही अट न घालता. त्यांचं उदाहरण दिलंत तर मुलाचा वकील तुम्हाला चहा पाजेल.

लेखाची लांबी, इंग्रजी नावं वगैरेंवर वेळ घालवत नाही. प्रतिक्रिया उडवलेली नाही, यूट्यूबच्या वाक्यासकट खाली तशीच आहे. पुढची लिहाल तेव्हा नाव घाला. सनद क्रमांक नाही मागत.