शाम्पूतली ‘पाच विषं’ आणि आज्यांचे कमरेपर्यंतचे केस

पावसाळा लागल्यापासून आमच्या भागातल्या बहुतेक व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. बचत गट, भजनी मंडळ, वाडीचा ग्रुप, मुंबईच्या चाकरमान्यांचा ग्रुप, कुठूनही तो येऊन पडतो. मजकूर थोडक्यात असा: शाम्पूत पाच विषं असतात. सल्फेटने कॅन्सर होतो, पॅराबेनने स्तनाचा कॅन्सर होतो, सिलिकॉन म्हणजे केसांवर चढवलेलं प्लास्टिक, अल्कोहोलने केस करपतात, आणि सुगंधापासून रंगापर्यंतच्या बाकी ‘केमिकल’ने ते गळतात. कंपन्या हे सगळं लपवतात. आपल्या आज्या खोबरेल आणि शिकेकाईवर राहिल्या म्हणून त्यांचे केस कमरेपर्यंत होते. तेव्हा केमिकल फेका, हर्बल घ्या.

माझं सिंधुदुर्गात छोटं मेडिकल आहे. ‘वयनी, ह्येच्यात सल्फेट नाय मां?’ हा प्रश्न आता काउंटरवर नेहमीचा झालाय. विचारतात हे चांगलंच आहे. पण या मेसेजमुळे लोक भलत्याच गोष्टीला घाबरतात आणि खरोखर जपून वापरायची वस्तू ‘हर्बल’ म्हणून बिनधास्त घरी नेतात. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘सल्फेटने कॅन्सर होतो’

ही अफवा १९९०च्या दशकाच्या शेवटी इंग्रजी ईमेलमधून फिरत होती, तीच आता मराठीत आलीय. सोडियम लॉरिल सल्फेट, म्हणजे एसएलएस, हे शाम्पूतलं फेस आणणारं, मळ-तेल काढणारं द्रव्य. याने कॅन्सर होतो असा पुरावा नाही. कातडीला मात्र तो झोंबतो. हे कुणी लपवलेलंही नाही. कातडीवर मुद्दाम जळजळ उठवून तिचा अभ्यास करायचा असेल तेव्हा संशोधक एसएलएसच लावतात. प्रसाधनांतल्या घटकांची तपासणी करणाऱ्या अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने १९८३ साली त्याचा आढावा घेतला. थोडा वेळ लावून नीट धुऊन टाकायच्या वस्तूंत तो चालेल, अंगावर बराच वेळ राहणाऱ्या वस्तूंत १ टक्क्याच्या वर नको, असा तिचा निष्कर्ष होता. नुसतं नाव वाचून भिण्यात अर्थ नाही. तो किती घातलाय आणि डोक्यावर किती वेळ राहतोय, हे बघायचं.

बाटली उलटी करून वाचलीत तर आज बऱ्याच शाम्पूंत एसएलएसऐवजी सोडियम लॉरेथ सल्फेट, म्हणजे एसएलईएस, दिसेल. तो बनवताना मूळ रेणूला इथिलीन ऑक्साइड जोडतात, त्यामुळे तो कमी झोंबतो. याच प्रक्रियेत १,४-डायऑक्सेन नावाचा पदार्थ अत्यल्प प्रमाणात उरू शकतो, आणि तो संभाव्य कर्ककारकांच्या यादीत आहे. मेसेजमध्ये खऱ्याचा कण असलाच तर तो इथे आहे. म्हणूनच कारखान्यात तो काढून टाकण्याची प्रक्रिया असते, आणि न्यूयॉर्क राज्याने २०२२च्या अखेरीपासून प्रसाधनांत त्याची मर्यादा दहा लाख भागांत १० भाग इतकी खाली आणली. ही शुद्धतेची बाब झाली. एसएलईएस हाच विषारी आहे असं त्यातून निघत नाही.

हा ‘लॉरिल’ येतो कुठून, तेही बघा. खोबरेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं. खोबरेलापासून किंवा पामच्या गराच्या तेलापासून लॉरिल अल्कोहोल बनवतात आणि त्यापासून हे सल्फेट. ‘नारळापासून बनवलेला, म्हणून सुरक्षित’ आणि ‘सल्फेट म्हणजे विष’ ही दोन्ही वाक्यं एकाच मेसेजमध्ये असतात. दोन्हींचं मूळ परसातल्या एकाच माडात आहे.

आपल्याकडच्या पाण्याचाही इथे संबंध आहे. किनाऱ्यालगतच्या गावांत एप्रिल-मे आला की कित्येक विहिरी मचूळ होतात. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही. पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबण जुळतो आणि त्याचा चिकट थर केसांवर बसतो. मेसेज वाचून घरगुती ‘नैसर्गिक’ साबणवडीने डोकं धुणाऱ्या बायका उन्हाळ्यात हमखास सांगतात की केस दोरीसारखे झाले. खोबरेल आणि कॉस्टिक सोडा यांच्यापासून केलेल्या वडीचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, ९-१० असतो, म्हणजे अल्कली; डोक्याच्या कातडीचा साधारण साडेपाच, म्हणजे किंचित आम्ल. एसएलईएस अशा पाण्यातही फेसाळतो आणि थर न ठेवता निघून जातो. दिवसभर मासळी बाजारात बसून घाम, खार आणि तेलाने माखलेलं डोकं घेऊन घरी येणाऱ्या बाईला मी सल्फेटचाच शाम्पू देते आणि देत राहीन.

ज्यांची कातडी कोरडी आहे, ज्यांना इसब आहे, ज्यांनी केस रंगवलेत, त्यांनी सल्फेट टाळलं तर फायदा होतो. मात्र ‘सल्फेट फ्री’ हे पुढचं लेबल वाचून थांबू नका. मागे सोडियम सी१४-१६ ओलेफिन सल्फोनेट असं नाव असेल, तर ते सल्फेट नाही हे खरं, पण तेल ओढून काढण्यात तेही काही कमी नाही. सोडियम कोकॉइल आयसेथायोनेट किंवा डेसिल ग्लुकोसाइड असेल तर तो शाम्पू बहुधा सौम्य.

‘पॅराबेनने स्तनाचा कॅन्सर होतो’

पॅराबेन म्हणजे शाम्पू खराब होऊ नये म्हणून घालायचं टिकवणारं द्रव्य. या दाव्याचा उगम २००४ सालच्या एका ब्रिटिश अभ्यासात आहे. स्तनाच्या गाठींच्या २० नमुन्यांत पॅराबेन सापडले, इतकंच त्यात होतं. निरोगी पेशींत ते किती असतात याची तुलना नव्हती, आणि गाठ त्यांच्यामुळे झाली असं त्यात सिद्धही झालं नव्हतं. त्यानंतर युरोपीय संघाने हा विषय गांभीर्याने घेतला आणि २०१४ साली पॅराबेनच्या कुळातल्या पाच प्रकारांवर बंदी घातली, प्रोपिल आणि ब्युटिलची मर्यादा घटवून ०.१४ टक्के केली. मिथिल आणि इथिल मात्र ०.४ टक्क्यांपर्यंत चालू ठेवले. एरवी कडक असलेल्या युरोपातही मिथिलपॅराबेन आजही बाटलीत घालता येतं.

घाबरून पॅराबेन काढलं तेव्हा काय झालं, हे मेसेजमध्ये नाही. शाम्पूत पाणी असतं, आणि पाण्यात बुरशी-जंतू वाढतात. टिकवणारं काहीतरी घालावंच लागतं. बऱ्याच कंपन्यांनी मिथिलआयसोथायझोलिनोन घातलं. काही वर्षांत त्याची ॲलर्जी इतकी वाढली की अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली त्याला ‘त्या वर्षीचा ॲलर्जन’ ठरवलं. पुढे युरोपने अंगावर राहणाऱ्या वस्तूंत त्यावर बंदी घातली. ‘पॅराबेन फ्री’ वाचून तुम्ही काय घेताय ते मागे बघा, ते यासाठी.

टिकवणारं काहीच नसेल तर? गेल्या पावसात एका मुलीने विकत घेतलेली ‘शंभर टक्के केमिकल-मुक्त’ कोरफड-मेथीच्या जेलची बाटली मला दाखवायला आणली. झाकण उघडलं तर आंबूस वास, झाकणाच्या आतल्या कडेला काळे ठिपके, आणि जेल पाण्यासारखं पातळ झालेलं. तिच्या कपाळाच्या वर बारीक पुळ्यांची रांग उठली होती. आपल्याकडे जुलैत चपलेला बुरशी येते, तिथे ओल्या जेलचं काय होणार? कोरफड ताजी कापून तेवढ्यापुरती लावा, भांडं धुऊन टाका. त्यात काही धोका नाही. बाटलीत भरून महिनाभर ठेवू नका. शुद्ध खोबरेलाचं तसं नसतं, कारण त्यात पाणी नाही. पण जास्वंद-माका घालून तेल कढवताना पाला पुरता कडकडीत व्हायला हवा. ओल राहिली तर तेल खवट होतं.

सिलिकॉन आणि अल्कोहोल यांचं थोडक्यात. डायमेथिकोन हे सिलिकॉन केसावर पातळ थर देतं, त्याने गुंता कमी होतो आणि विंचरताना केस कमी तुटतात. पुढच्या धुण्यात ते बहुतांश निघतं. डोक्याच्या कातडीतून ते आत शिरत नाही. युरोपने २०२० पासून धुऊन टाकायच्या वस्तूंत डी-४ आणि डी-५ या सिलिकॉनवर मर्यादा घातली, पण ही सिलिकॉनं पाण्यात टिकून राहतात म्हणून, पर्यावरणासाठी. आणि ते कारण मला पूर्ण पटतं. अल्कोहोलचं म्हणाल तर कंडिशनरमधलं सिटाइल किंवा सिटिअरिल अल्कोहोल मेणासारखं घट्ट असतं आणि केस मऊ करतं. दारूतल्या अल्कोहोलसारखं ते उडून जात नाही आणि केस कोरडेही करत नाही.

‘कंपन्या घटक लपवतात’

उलट, यादी छापणं बंधनकारक आहे. भारतातल्या नियमांप्रमाणे १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे, आणि १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कुठल्याही क्रमाने. एवढं कळलं की बाटली वाचता येते. यादीत फिनॉक्सीइथेनॉल हे नाव शोधा. हे टिकवणारं द्रव्य १ टक्क्याच्या वर घालत नाहीत. त्याच्यानंतर माका, ब्राह्मी, जास्वंद, बदाम अशी नावं आली असतील, तर ती वनस्पती त्या बाटलीत १ टक्क्याहून जास्त नाही, पुढे तिचं चित्र केवढंही असो. दोन शाम्पूंची तुलना करताना मी पहिली पाच नावं आणि या खुणेची जागा एवढंच बघते. दोन बाटल्यांत हे जुळलं तर दुप्पट किंमत कशाची, हे दुकानदाराला जरूर विचारा.

केसांच्या तेलालाही हीच रीत. बाटलीवर बदाम, आवळा, कांदा. मागे पहिलं नाव ‘लाइट लिक्विड पॅराफिन’. हे खनिज तेल विषारी नाही, पण ते केसात मुरत नाही, वरच राहतं. खोबरेल मुरतं. मुंबईतल्या मारिकोच्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. केसातली प्रथिनं निघून जाणं फक्त खोबरेलाने लक्षणीय घटवलं, धुण्याआधी लावलं तरी आणि नंतर लावलं तरी. मारिको खोबरेल विकते हे ध्यानात ठेवून वाचा, पण लॉरिक आम्लाचा लहान, सरळ रेणू केसात शिरतो हे कारण पटण्यासारखं आहे. म्हणजे मेसेजमधलं खोबरेलाचं कौतुक खरं आहे. फक्त कोंडा असेल तर तेल चोपडून ठेवू नका. कोंड्यामागची मॅलासेझिया ही बुरशी तेलातल्या स्निग्धाम्लांवरच पोसते. तिथे किटोकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाचा शाम्पू तीन ते पाच मिनिटं ठेवून धुवायचा.

लपवालपवी होते, पण मेसेज दाखवतो तिथे नाही. ६० मिलिलिटरपेक्षा लहान द्रव पॅकवर घटकांची यादी छापण्याची सक्ती नाही. वाडीवरच्या दुकानात दोरीला लटकणारी शाम्पूची पुडी त्यात येते, आणि आपल्याकडे कित्येक घरांत पुडीच वापरतात. दुसरी जागा म्हणजे आयुर्वेदिक परवान्यावर विकले जाणारे शाम्पू. त्यांच्यावर ‘प्रत्येक १० मिलिलिटरमध्ये भृंगराज ४० मिलिग्रॅम, शिकेकाई ५० मिलिग्रॅम’ असं लिहून शेवटी ‘शाम्पू बेस, आवश्यक तेवढा’ असं असतं. हिशोब करा: ४० मिलिग्रॅम म्हणजे ०.४ टक्के. उरलेला जवळजवळ सगळा शाम्पू त्या ‘बेस’मध्ये आहे आणि त्यात काय आहे ते लिहिलेलं नाही. बहुधा तोच एसएलईएस.

‘आज्यांचे केस कमरेपर्यंत होते, कारण सगळं नैसर्गिक’

कुणाकुणाचे होते. पण जत्रेत गंगावन, म्हणजे वेणी-अंबाड्यात घालायचे जोडकेस, विकायला यायचं ते कुणासाठी? लग्नाच्या फोटोतले कित्येक जाडजूड अंबाडे गंगावन घालून बांधलेले असत. शिकेकाई आणि रिठा यांच्यात सॅपोनिन असतं, तेच फेस आणतं आणि तेल सोडवतं. म्हणजे कामाने तेही शाम्पूतल्या द्रव्यासारखंच. शिकेकाईचं पाणी किंचित आम्ल असतं, ते केसांना मानवतं, ज्यांना जमतं त्यांनी खुशाल वापरावं. रिठा डोळ्यांत गेला की काय होतं ते मात्र न्हाणीघरात रडलेल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे.

खरी काळजी मला ‘हर्बल घ्या’ या शेवटच्या वाक्याची वाटते. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात माझ्याकडे सर्वांत जास्त काय खपतं? काळी मेंदी. पाकिटावर हिरवी पानं, ‘हर्बल’ हा शब्द, आणि मागे बारीक अक्षरांत पॅरा-फेनिलीनडायमाइन, म्हणजे पीपीडी. मेंदीचा स्वतःचा रंग लालसर-नारिंगीच येतो. काळा हवा असेल तर वरून निळीच्या पाल्याची पूड (इंडिगो) लावावी लागते आणि त्याला तास जातात. अर्ध्या तासात काळाकुळकुळीत रंग देणाऱ्या ‘मेंदी’त बहुतेक वेळा पीपीडी असतं. त्याची ॲलर्जी असली तर डोळे मिटतील इतका चेहरा सुजतो, आणि ती दर वेळी वाढत जाते; पहिल्या चार वेळा काही झालं नाही यावर भरवसा ठेवता येत नाही. प्रत्येक वेळी कानामागे थोडं लावून ४८ तास थांबा. तसंच पार्लरमधल्या केस सरळ करण्याच्या काही द्रव्यांचं. गरम इस्त्री लावली की त्यांतून फॉर्मल्डिहाइड सुटतो, आणि २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कॅन्सर करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात टाकलं. कॅन्सरच्या नावाने फिरणाऱ्या मेसेजात याचा उल्लेखही नाही.

राहिलं केस गळणं. दिवसाला ५० ते १०० केस जाणं हे सगळ्यांचंच असतं. त्याहून जास्त, मूठभर जात असतील, तर शाम्पूआधी मागचे तीन महिने आठवा. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, एकदम उतरलेलं वजन, यांच्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस झडतात. पावसात लेप्टो किंवा डेंग्यू होऊन गेलेला माणूस दसरा-दिवाळीला केस हातात घेऊन येतो आणि मधल्या काळात बदललेल्या शाम्पूला दोष देतो. हे केस बहुतेकदा सहा महिन्यांत परत येतात. येत नसतील, आणि पाळी जास्त जात असेल किंवा थकवा असेल, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या. हर्बल तेलाच्या महागड्या बाटलीआधी हे करा, आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.