‘एका क्लिकचे काम’ या अभिप्रायास उत्तर

नमस्कार,

आपला अभिप्राय वाचला. लोगोची व्हेक्टर फाइल (पिक्सेलऐवजी रेषा आणि वक्रांनी बनलेली) अपेक्षेपेक्षा उशिरा मिळाल्याने आपली गैरसोय झाली, याबद्दल दिलगिरी व्यक्त करतो. मात्र ‘एका क्लिकमध्ये होणारे काम उगाच रखडवले’ हे वाक्य मनाला लागले, आणि ते सर्वांना दिसत असल्याने त्याबाबत लिहिणे भाग आहे.

आपण पाठवलेले चित्र म्हणजे 300 बाय 300 पिक्सेलचा एक स्क्रीनशॉट होता. त्यात कडेने फिरणाऱ्या अक्षरांची उंची जेमतेम 12 पिक्सेल भरत होती. मूळ फाइल मिळेल का, असे आम्ही काम घेतानाच विचारले होते. आपण म्हणता ती क्लिक आम्हीही आधी करून पाहिली, कारण ठळक काळ्या-पांढऱ्या चित्राला ऑटो-ट्रेस (सॉफ्टवेअरने चित्राच्या कडा ओळखून आपोआप रेषा काढणे) अनेकदा पुरतो. परंतु आपले चित्र जेपीजी होते; असे चित्र 8 बाय 8 पिक्सेलच्या चौकोनांत दाबले जाते आणि त्यामुळे रंगांच्या कडांना जे डाग येतात, त्यांनाही सॉफ्टवेअर आकार समजून त्यांच्याभोवती रेषा काढते. जे वर्तुळ बेझिए वक्राच्या (व्हेक्टरमधील वळणदार रेषेच्या) अवघ्या 4 नोडमध्ये, म्हणजे आधारबिंदूंमध्ये, त्रिज्येच्या 0.03 टक्क्यांहूनही कमी फरकाने काढता येते, ते आपल्या लोगोत खडबडीत आणि नोडांनी गजबजलेले आले. पडद्यावर ते खपूनही गेले असते. पण आपल्याला फाइल कटिंग प्लॉटरसाठी (फाइलमधील रेषांवरून पाते फिरवून कापणाऱ्या यंत्रासाठी) हवी होती, आणि त्याचे पाते प्रत्येक खाचेवरून फिरते. म्हणून लोगोतील वर्तुळ आणि झाडाची पाने पेन टूलने नव्याने काढली, आणि अक्षरांचा फॉन्ट ओळखून मजकूर वर्तुळावर पुन्हा बसवला. ट्रेस केलेले अक्षर हा नुसता आकार असतो. आज आपण त्या फाइलमध्ये नाव बदलू शकता, ते यामुळेच. (जेपीजी जशीच्या तशी पीडीएफमध्ये ठेवून ‘व्हेक्टर’ म्हणून देणे आम्हालाही जमले असते, आणि तेही लगेच.)

काम बरेच पुढे गेल्यावर आपल्याकडून मोठे चित्र आले, त्यात पानांच्या शिरा निराळ्या होत्या आणि पाने पुन्हा काढावी लागली. अभिप्रायात याचा उल्लेख असता, तर बरे झाले असते.

यापुढे लागणाऱ्या वेळेची कल्पना आधीच देण्याकडे अधिक लक्ष देऊ. आपली एसव्हीजी (व्हेक्टर) फाइल आमच्याकडे जपून ठेवली आहे. रंगात किरकोळ बदल हवा असल्यास वेगळे शुल्क न घेता करून देऊ. दिलेल्या दोन ताऱ्यांचा आपण पुन्हा एकदा विचार करावा, ही विनंती.