डिझीच्या वाकड्या ट्रम्पेटबद्दल थोडा खुलासा

एक फॉरवर्ड फिरतोय की अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीने सुरुवातीपासूनच मुद्दाम वाकडी ट्रम्पेट बनवून घेतली आणि त्या वाकामुळेच त्याला ते वरचे सूर काढता यायचे, बीबॉप, म्हणजे जॅझची ती वेगवान शैली, म्हणे त्यातूनच जन्मली. नाही हो, असं काही नाही. आयुष्यभर याच माणसाला ऐकत आलोय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करबरोबरची त्याची 1945 ची रेकॉर्डिंग्ज ऐका, बीबॉप तिथे पूर्ण उभं आहे, सूर आभाळाला लागलेत, आणि हातात ट्रम्पेट साधी, सरळ. वाक आला तो 6 जानेवारी 1953 ला, न्यूयॉर्कमध्ये बायकोच्या वाढदिवसाच्या पार्टीत स्टँडवर ठेवलेल्या ट्रम्पेटवर कुणीतरी पडलं आणि तिचं तोंड वर वळलं. डिझी वैतागला असणार, पण वाजवून बघितली तर आवाज त्याला आवडला, स्वतःचं वाजवणं स्वतःला लवकर ऐकू येतं असं तो सांगायचा, मग साधारण 45 अंशात वर वळलेली मुद्दाम बनवून घेतली. म्हणजे मुद्दाम हे खरं, पण नंतरचं.

आणि वाजवताना फुगणारे त्याचे ते गाल, त्याचीही नक्कल करू नका, शिकवणारे गाल आवळूनच वाजवायला सांगतात, तो त्याचा अपवाद होता. जाता जाता, तो गेला तोही 6 जानेवारीलाच, 1993 साली. हा मात्र निव्वळ योगायोग, यावरून नवा फॉरवर्ड काढू नका प्लीज.