‘उघडत नाहीये’

घरातल्या कुणाला तरी वायफायचा पासवर्ड टाकून दिला, एवढं एकच पाप पुरतं. त्यानंतर माणूस आजन्म फोनवरचा वैद्य होतो आणि ‘अरे, ते पीडीएफ उघडत नाहीये’ हे वाक्य त्याच्या नशिबी येतं. समोर ना रोगी, ना नाडी. नुसत्या उंटावरून शेळ्या हाकायच्या.

त्यात ‘उघडत नाहीये’ हा काही आजार नव्हे. ती तापासारखी तक्रार. कुणाला पांढरं पान दिसतं, कुणाची फाइल दिसायच्या ऐवजी गुपचूप डाउनलोड होते, कुणाकडे अक्षरांच्या जागी चौकोन असतात, कुणाचं चक्र फिरतच राहतं. म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला: ‘काय दिसतंय?’ त्यावर उत्तरही ठरलेलं: ‘काहीच नाही.’ मग दुसरा प्रश्न: ‘काहीच नाही म्हणजे पांढरं की करडं?’ पलीकडच्याला वाटतं, आपली थट्टा चालली आहे. पण अर्धं निदान तिथेच होतं. क्रोममध्ये पीडीएफ दाखवणारी खिडकी गडद करड्या रंगाची असते. करडं दिसलं म्हणजे दाखवणारा हजर आहे, गडबड बहुधा फाइलमध्ये किंवा वाटेत आहे. नुसतंच पांढरं असेल तर दाखवणाऱ्यालाच कुणीतरी दारात अडवलेलं असण्याची शक्यता जास्त.

फोन येईपर्यंत रोग्याने घरगुती इलाज उरकलेले असतात. मशीन दोनदा बंद-चालू केलेलं असतं. आणि कुणीतरी सांगितलं म्हणून कंट्रोल-शिफ्ट-डिलीट दाबून, ‘ऑल टाइम’ निवडून, दिसेल त्या चौकटीत टिक मारून सगळं पुसलेलं असतं. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. पीडीएफ तरीही उघडत नाही, पण आता बाकीच्या प्रत्येक साइटवरूनही माणूस बाहेर पडलेला असतो आणि एकही पासवर्ड आठवत नसतो.

पुसापुशीच्या आधी करायची गोष्ट साधी आहे. कंट्रोल-शिफ्ट-एन दाबून इनकॉग्निटो खिडकी उघडायची (फायरफॉक्समध्ये एनच्या जागी पी) आणि तीच लिंक तिथे टाकायची. या खिडकीत जुन्या कुकीज (साइटने आपल्याला ओळखण्यासाठी ठेवलेल्या खुणा) नसतात, जुनी कॅश (आधी पाहिलेल्या पानांचा साठा) नसते आणि आपण मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्स्टेन्शन्सही (ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम) चालत नाहीत. साइटवर लॉगिन लागत असेल तर ते मात्र पुन्हा करावं लागतं. इथे फाइल उघडली तर ती निर्दोष सुटली, गुन्हेगार आपल्याच घरात आहे. मग नेहमीच्या खिडकीत कंट्रोल-शिफ्ट-आर दाबून पान नव्याने मागवायचं. तेवढ्याने भागलं नाही तर कॅश पुसायची, पण फक्त ‘कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स’ या ओळीवर टिक. कुकीजना हात लावायचा नाही, त्यांनी आपलं काही वाकडं केलेलं नाही.

तरीही अडलं तर संशय एक्स्टेन्शनवर. त्यातला अट्टल म्हणजे डाउनलोड मॅनेजर. हा ब्राउझरच्या तोंडचा घास काढून घेतो: फाइल येताना दिसली की मध्येच पकडतो, आणि ब्राउझर रिकाम्या ताटासमोर बसल्यासारखा पांढरी टॅब घेऊन बसतो. जाहिराती अडवणारेही कधीकधी अतिउत्साहाने हेच करतात. एकेक बंद करून बघत बसू नका, निम्मी बंद करा. फाइल उघडली तर चोर त्या निम्म्यांत, नाही तर उरलेल्यांत. सोळा एक्स्टेन्शन्स असली तरी चार फेऱ्यांत नाव कळतं. सोळा का घेतली होती, हा प्रश्न फोनवर विचारू नये. माणसं दुखावतात.

फाइल दिसायच्या ऐवजी डाउनलोड होत असेल तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘साइट सेटिंग्ज’, अगदी खाली ‘अ‍ॅडिशनल कंटेंट सेटिंग्ज’ आणि त्यात ‘पीडीएफ डॉक्युमेंट्स’. इतक्या आत लोक दागिनेसुद्धा ठेवत नाहीत. तिथे ‘ओपन पीडीएफ्स इन क्रोम’ निवडायचं. फायरफॉक्समध्ये हेच ‘जनरल’च्या पानावर, ‘अ‍ॅप्लिकेशन्स’च्या यादीत सापडतं. एवढं करूनही एकाच साइटची फाइल डाउनलोड होत असेल आणि बाकी साइट्सच्या नीट उघडत असतील, तर सेटिंग्ज उगाच चिवडू नका. तो सर्व्हर फाइलसोबत ‘ही अटॅचमेंट आहे’ अशी चिठ्ठी पाठवतोय आणि ब्राउझर ती आज्ञाधारकपणे पाळतोय. चिठ्ठीचा उलटा प्रकारही असतो. सर्व्हर पीडीएफला ‘हा साधा मजकूर आहे’ असं सांगून पाठवतो आणि ब्राउझर पानभर अगम्य चिन्हांचा सडा घालतो. फाइल खराब झाली असं वाटतं, पण ती धडधाकट असते. लिंकवर राइट-क्लिक करून ‘सेव्ह लिंक अ‍ॅज’ करायचं आणि डिस्कवरून उघडायची.

आता माझा आवडता रोगी: उतरलेली, पण न उघडणारी फाइल. आधी तिचं वजन बघा. चाळीस पानांचा अहवाल आणि आकार ३ केबी? चाळीस पानं एवढ्यात मावत नाहीत. अशी फाइल नोटपॅडमध्ये उघडा, म्हणजे नोटपॅडच्या खिडकीत ओढून टाका. खऱ्या पीडीएफची पहिली ओळ टक्क्याच्या चिन्हाने सुरू होते, त्याला लागून पीडीएफ ही तीन रोमन अक्षरं, मग १.४ किंवा १.७ असा आवृत्तीचा आकडा. दुसऱ्या ओळीत बहुधा चार चमत्कारिक अक्षरं असतात. ती घाण नव्हे. ‘मी साधा मजकूर नाही, मला तसं हाताळू नका’ असं इतर प्रोग्रॅमना कळावं म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असतात. पहिल्या ओळीत याऐवजी ‘डॉकटाइप एचटीएमएल’ दिसलं, तर तुमच्या हाती अहवाल आलेलाच नाही. लॉगिनची मुदत संपली होती, सर्व्हरने लॉगिनचं पान पाठवलं आणि ब्राउझरने पीडीएफचं नाव देऊन ते जपून ठेवलं. पुन्हा लॉगिन करा, पुन्हा उतरवा. ‘पीडीएफ रिपेअर’ करून देणाऱ्या साइट्सवर ती चढवू नका. जे कधी पीडीएफ नव्हतंच ते दुरुस्त काय होणार?

पहिली ओळ बरोबर असेल तर शेवटची बघा. तिथे दोन टक्के आणि ईओएफ ही अक्षरं हवीत. नसतील तर फाइल अर्धवट उतरली आहे. आणि पीडीएफची तऱ्हा अशी की तिची अनुक्रमणिका शेवटी असते. कुठलं पान, कुठलं चित्र फाइलीत किती अंतरावर आहे, हा हिशेब शेपटाशी लिहिलेला. रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचणाऱ्या माणसासारखं ब्राउझरला आधी शेपूट बघावं लागतं. त्यामुळेच काही मोठ्या फाइली शेवटचा तुकडा येईपर्यंत एकही पान दाखवत नाहीत. वेबसाठी खास रचून घेतलेली, अ‍ॅक्रोबॅटच्या भाषेत ‘फास्ट वेब व्ह्यू’वाली फाइल मात्र पहिलं पान लगेच हाती देते.

नेटवर याबद्दल सल्ल्यांना तोटा नाही, पण त्यांची तारीख बघत जा. ‘अ‍ॅडोबीचं प्लगइन (म्हणजे पीडीएफ दाखवायला ब्राउझरला बाहेरून जोडलेला प्रोग्रॅम) चालू करा’ हा सल्ला अजून फिरतोय. फायरफॉक्सने २०१३ साली १९व्या आवृत्तीपासून पीडीएफ दाखवायचं काम स्वतःकडे घेतलं, आणि क्रोमने २०१५ साली तसल्या जुन्या प्लगइन्सना कायमची रजा दिली. ज्याचं श्राद्ध होऊन गेलं त्याला औषध पाजायला सांगणारे हे वैद्य.

सगळ्यात लबाड आजार म्हणजे ‘प्लीज वेट’. इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: कृपया थांबा. भोळी माणसं थांबतात. चहा होतो, जेवण होतं. खुलासा असा की ही वाट बघण्याची सूचना नाहीच. ते त्या फाइलीचं एकुलतं एक पान आहे आणि तुम्ही ते संपूर्ण वाचलेलं आहे! खरा फॉर्म आत वेगळ्या पद्धतीने, एक्सएफए नावाच्या साच्यात भरलेला असतो, आणि तो साचा न कळणाऱ्या प्रोग्रॅमला हे पाटीवजा पान दिसतं. पाटीवर खाली बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही असतं, पण बारीक अक्षरं वाचतो कोण? २०१७च्या पीडीएफ २.० मानकाने हा साचा कालबाह्य ठरवला, तरी तसले फॉर्म अजून भेटतात. फाइल सेव्ह करून कॉम्प्युटरवरच्या अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडायची, किंवा २०२१च्या ९३व्या किंवा त्यानंतरच्या आवृत्तीचा फायरफॉक्स वापरून बघायचा.

उरला अक्षरांचा घोळ, आणि मराठी माणसाला तो काही नवा नाही. अक्षरांच्या जागी चौकोन किंवा भलतीच चिन्हं दिसली तर बहुतेक वेळा पाठवणाऱ्याने फाइलीत फॉण्ट बसवलेलाच नसतो. त्याच्याकडे तो फॉण्ट आहे, म्हणून तो छातीठोकपणे म्हणतो, ‘माझ्याकडे तर दिसतंय!’ या वाक्याने आजवर एकही फाइल दुरुस्त झालेली नाही. अ‍ॅक्रोबॅटमध्ये ‘प्रॉपर्टीज’ उघडून ‘फॉण्ट्स’ बघा. नावापुढे ‘एम्बेडेड’ नसेल तर फाइल तुमच्याकडे सुधारणार नाही, त्याला नव्याने करायला सांगा. दुसरा प्रकार आणखी गमतीचा. पान सुरेख मराठीत दिसतं, पण शोधलेला शब्द सापडत नाही. डोळ्यांसमोर दिसणारा शब्द शोधावा तर ब्राउझर म्हणतो, शून्य. दोन शब्द निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. रोमन अक्षरांची भेळ आली तर मजकूर युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची सामाईक पद्धत) रुळण्याआधीच्या फॉण्टमध्ये आहे, म्हणजे आत रोमन आणि वर देवनागरीचा मुखवटा. काहीच निवडता येत नसेल तर तो मजकूरच नाही, स्कॅन केलेला फोटो आहे.

घड्याळाचंही सांगून ठेवतो, कारण त्यावर कुणाचाच संशय जात नाही. कॉम्प्युटरची तारीख चुकली असेल तर ब्राउझरला साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र मुदतबाह्य वाटतं आणि तो दारातूनच परत पाठवतो. स्क्रीनवर दिसतं तसंच कागदावर येत नसेल तर क्रोमच्या छपाईच्या खिडकीत ‘मोअर सेटिंग्ज’खाली ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’ असतं, तिथे टिक करा.

एवढं सगळं झालं की पलीकडून आवाज येतो, ‘हां, उघडलं. पण आडवं आहे.’ वरच्या पट्टीतलं फिरवायचं बटण मी सांगतो, पान सरळ होतं, फोन ठेवला जातो. क्रोमने फिरवलेलं असतं ते फक्त दाखवण्यापुरतं. मूळ फाइलीत पान आडवंच राहतं, आणि टॅब बंद करून ती पुन्हा उघडली की पुन्हा आडवं. म्हणून मी फोन हातातच ठेवतो.