वह्या-पेनं नेऊ नका, असं मी का लिहिलं

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली आणि मगच लिहायला बसले. आफ्रिकेतल्या मलावीला वर्षभर स्वयंसेवक म्हणून जाताना बॅगेत काय भरावं, या लेखात मी 'मुलांसाठी वह्या, पेनं, जुने कपडे नेऊ नका' असं लिहिलं होतं. ते तुम्हाला लागलं. 'स्वतःसाठी कुकर नेता आणि गरीब पोरांना चार पेनं देताना हात आखडता, ही कसली सेवा?' असं तुम्ही विचारलंत. तुमच्या शाळेतल्या मुलांनी दोन पोती सामान जमवलंय आणि तुमची भाची ते घेऊन सप्टेंबरात मलावीलाच निघतेय, हेही कळलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पेनं मीही नेली होती. मलावीत १९९४ साली प्राथमिक शिक्षण मोफत झालं आणि शाळा भरून वाहू लागल्या. खालच्या वर्गांत शंभरावर मुलं ही तिथं नेहमीची गोष्ट. झोंबा शहराजवळच्या शाळेत माझ्या तिसरीत ११८ मुलं होती आणि माझ्याकडं पेनं होती १००. पहिल्याच आठवड्यात वाटली. मागं जमिनीवर बसलेल्या अठरा जणांचे हात तसेच पुढं राहिले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दोघांची मारामारी झाली, एकाचं पेन मोडलं, आणि वर्गशिक्षिकेनं सगळी पेनं गोळा करून कपाटात ठेवली. ती मला एका शब्दानं बोलली नाही. पण त्यानंतर मी आवारात दिसले की इतर वर्गांतली मुलं हात पसरून मागं येत. गणित शिकवायला गेलेल्या बाईची ओळख पेनं वाटणारी बाई अशी झाली. ती पुसायला दोन महिने गेले.

कपड्यांची गोष्ट वेगळी. परदेशांतून आलेले जुने कपडे तिथं गासड्यांनी येतात. त्यांना 'काउंजिका' म्हणतात आणि आठवडी बाजारात त्यांचे ढीग लागलेले असतात. मी माझा स्वेटर तिथूनच घेतला, कारण आफ्रिका म्हणजे उन्हाळा असं समजून नेलाच नव्हता आणि जून-जुलैत झोंबाला रात्री चांगलीच थंडी पडते. गणवेश मात्र गावातला शिंपी दुकानाच्या ओसरीवर पायमशीन चालवून शिवतो. त्याच्या घरात त्या शिलाईवर चूल पेटते. तुमच्या पोत्यांच्या जादा वजनाला विमान कंपनी जे पैसे घेईल, तेवढ्यात तो कितीतरी मुलांना गणवेश शिवून देईल. कोणाला द्यायचा, ते मुख्याध्यापक आणि शाळेची समिती ठरवेल. भाचीनं स्वतः ठरवू नये.

आता कुकर. राजम्यासारखं कडधान्य, 'न्येंबा', कोळशाच्या शेगडीवर शिजायला दोन-तीन तास घेतं. वीज असते-नसते, आणि कोळशासाठी झाडं तुटून आजूबाजूचे डोंगर उघडे पडलेत. भिजवलेला न्येंबा कुकरमध्ये अर्ध्या तासात होतो. शनिवारी शेजारीण तिचं पातेलं घेऊन यायची, दोघींचं एकदमच लावायचो. पहिली शिट्टी झाली तेव्हा ती पोराला उचलून अंगणात पळाली होती. नंतर शिट्ट्या तीच मोजायची. तिच्याकडून मी भोपळ्याच्या पानांची भाजी शिकले. उखळात शेंगदाणे कुटून ते 'न्सिंजिरो' ती शिजत्या भाजीवर भुरभुरायची. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मी आईच्या स्वयंपाकघरात उभी होते. दाण्याचं कूटच ते, सर.

तूरडाळ नेऊ नये, असं मी लिहिलं त्याचंही कारण सांगते. तूर मलावीतच पिकते, तिला 'नांडोलो' म्हणतात. २०२१ साली भारतानं मलावीशी पाच वर्षांचा करार केला, दरवर्षी ५०,००० टन तूर आणण्याचा. तिथून आलेली डाळ परत तिकडं कशाला न्यायची? हिंग आणि गोडा मसाला न्यावा.

एक गोष्ट मात्र तुमची खरी आहे. नेऊ नका म्हणताना मुलांच्या मनातली देण्याची इच्छा कुठं जावी, हे मी लिहिलंच नाही. ते चुकलं. तुमच्या मुलांना पत्रं लिहायला सांगा, चित्रं काढायला सांगा: आपली शाळा, आपलं शेत, आपला डबा. ती भिंतीवर लागतात, ११८ मुलं बघतात, आणि उत्तरही पाठवता येतं. वह्या तुमच्याच तालुक्यातल्या वाडीवस्तीवर द्या, तिथं पोरं तुम्हाला नावानिशी माहीत आहेत.

भाचीला तीन गोष्टी आठवणीनं सांगा. तिथं एक माशी बाहेर वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांवर अंडी घालते आणि अळी कातडीखाली शिरते, म्हणून आतल्या कपड्यांसकट सगळ्याला गरम इस्त्री फिरवायची. प्लगच्या पिना चौकोनी लागतात, आपल्या चालत नाहीत. आणि कुकर नेलाच तर दोन जास्तीच्या रिंगा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह इथूनच घेऊ दे. माझी रिंग सातव्या महिन्यात गेली, आणि झोंबाच्या बाजारात मला ती कुठंच मिळाली नाही.